ब्रिन केलिनचा तिसरा आवाज

“ह्यात मी कुठे आहे?”

नेस्टाबाईंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, पण जाब होता.

“पुन्हा एकदा लावते,” मी म्हटलं. “टेप फार जुनी आहे. एखादा आवाज दबला असेल.”

“पोरी, मी म्हातारी झालेय, बहिरी नाही. हा खालचा आवाज माझ्या बाबांचा. वरचा इद्रिसचा, माझ्या भावाचा. झाले दोन. आम्ही तिघं गायचो. मधला आवाज माझा. तो कुठे गेला?”

मी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. दोनच आवाज होते. एक भरदार बाप्याचा आणि एक वयात येऊ घातलेल्या मुलाचा. तिसऱ्याचा मागमूस नव्हता.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात, ध्वनिविभागात काम करत होते. मिरजेची वैजयंती कागवाडे तिथे कशी पोचली, असं लोक अजून विचारतात. मिरजेत दगड भिरकावला तर तो डॉक्टरला नाहीतर गवयाला लागतो. गवयाच्या घरी मी जन्मले, डॉक्टरशी लग्न केलं, आणि त्या डॉक्टरला ॲबरिस्टविथच्या इस्पितळात नोकरी लागली. त्याआधी सांगलीला असताना मी जुन्या टेपा साफ करून जोडायचं काम केलं होतं, तेच तिथे कामाला आलं.

टेकडीवर ही भलीथोरली पांढरी इमारत, पायथ्याशी गाव, आणि गावाच्या पुढे समुद्र. इंग्रजीच्या अगदी मांडीला मांडी लावून बसूनही स्वतःची भाषा न सोडणारी ही हट्टी माणसं. आपल्या भाषेतलं जे जे हाताला लागेल ते त्यांनी ह्या टेकडीवर आणून ठेवलंय. हस्तलिखितं, नकाशे, वर्तमानपत्रं, आणि शेतकऱ्यांनी चुलीपुढे बसून म्हटलेली गाणीसुद्धा. माझा साहेब अलेड पहिल्याच दिवशी मला म्हणाला होता, “इथे चहा मागायचा तो वेल्शमध्ये.” चहाच्या तलफेपायी मी वर्षभरात ती भाषा वाद घालण्याइतकी शिकले.

नेस्टाबाई आमच्याकडे आल्या त्या एका गाण्यासाठी. त्यांच्या भागात नाताळच्या आगेमागे गाण्याचा एक सोहळा असतो, त्याला प्लगाइन म्हणतात. गाव चर्चमध्ये जमतं. पाद्रीबुवा एवढंच सांगतात, की प्लगाइन आता खुलं आहे, आणि जाऊन बसतात. पुढे कुणी कुणाचं नाव पुकारत नाही. एका शेतावरच्या घरातली तिघं-चौघं उठतात, पुढे जातात, एकमेकांकडे तोंड करून आपलं नाताळचं गाणं म्हणतात आणि मुकाट्याने जागेवर येऊन बसतात. मग दुसरं घर उठतं. पेटी नाही, ऑर्गन नाही, टाळ्याही नाहीत. आमच्या मिरजेत समेवर ‘वा’ आली नाही तर गवई अर्धमेला होतो. तिथे कुणी ‘वा’ म्हटलं तर त्याला हाताला धरून बाहेर काढतील.

त्यातही दोन नियम असे, की ते मोडायची कुणाची छाती नाही. एका संध्याकाळी एक गाणं दोनदा व्हायचं नाही. आणि ज्या घराचं गाणं, ते त्या घरानेच म्हणायचं. घर म्हणजे शेत. तिथे माणसं आडनावाने नाही, शेताच्या नावाने ओळखली जातात. नेस्टाबाईंचं शेत ब्रिन केलिन, आणि त्या शेताचं गाणं तीन आवाजांचं. बाप खालून आधार द्यायचा, भाऊ वरची चाल म्हणायचा आणि छोटी नेस्टा मधून जायची.

पण ती आठ-नऊ वर्षांची असताना बाप न्यूमोनियाने गेला. आई मुलांना घेऊन बर्मिंगहॅमला बहिणीकडे राहायला गेली. शेत परक्यांच्या हाती गेलं. इद्रिस बोटीवर नोकरीला लागला आणि तिकडेच कुठेतरी वारला. (इद्रिस हे नाव मिरजेच्या आमच्या गल्लीत दोघांचं होतं. वेल्समध्ये ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माहेरचंच कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं होतं.) राहिल्या नेस्टाबाई, आणि त्यांच्या गळ्यात तो मधला आवाज. त्यांनी तो मला गुणगुणून दाखवला होता. दोन-तीन सुरांतच घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरायचा. वरची चाल आणि खालचा आधार नसला की त्यातून काही म्हणता काही कळत नाही.

“सगळं आयुष्य हे घेऊन फिरतेय,” त्या म्हणाल्या होत्या. “नवरा गेल्यावर मी गावी परत आले ते ह्याच्यासाठी. प्लगाइनला मागच्या बाकावर बसते. सगळी घरं उठतात. माझं घर उठत नाही.”

त्या वर्षी त्यांचा मुलगा ह्यू कॅनडाहून हिवाळाभर राहायला आला होता. आवाज आजोबांसारखा खर्जातला. आणि त्याची मुलगी मारी, कॉलेजात शिकणारी, छान गायची. म्हणजे तीन गळे जमले होते, पण म्हणायला गाणं नव्हतं. मग नेस्टाबाईंना आठवलं, की बाबा जायच्या आधीच्या हिवाळ्यात एक शाळामास्तर मोटारीत मशीन घालून आला होता आणि ब्रिन केलिनचं गाणं त्याने टेपवर घेतलं होतं. तो मास्तर गेल्यावर त्याची सगळी रिळं आमच्या टेकडीवर आली होती. त्यांत ते रीळ मला सापडलं. खोक्यावर लिहिलं होतं, ‘ब्रिन केलिन, तीन आवाज’.

आणि आता टेपवर दोनच आवाज होते.

“थांब,” नेस्टाबाई म्हणाल्या. “पुन्हा लाव. मी माझा आवाज ह्याच्यावर म्हणते.”

त्या म्हणायला लागल्या आणि दुसऱ्याच ओळीला अडखळल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळल्या. सूर सुराला लागतच नव्हता. एवढ्यात दारात उभा असलेला अलेड घसा खाकरून म्हणाला, “मघापासून सांगू की नको असं झालंय. ही चाल मला माहीत आहे. दर रविवारी आमच्या चॅपेलमध्ये म्हणतात. माझी आजी भांडी घासताना म्हणायची.”

“रविवारची चाल?” नेस्टाबाईंनी विचारलं.

“शब्द वेगळे आहेत. चाल तीच.”

नेस्टाबाईंचा हात हळूहळू वर आला आणि एक बोट त्यांनी स्वतःच्याच ओठांवर ठेवलं.

“बाबांनी असं बोट ठेवलं होतं,” त्या म्हणाल्या. “माझ्या ओठांवर. मास्तर खोक्यावर नाव घालून मशीनशी खटपट करत होता तेव्हा. मला वाटलं, आपला आवाज वाईट आहे म्हणून गप्प करतायत. मला खोटं गाता आलं नसतं ना! मी लहान होते. मला आमचीच चाल येत होती, दुसरी येतच नव्हती.” त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “आमचं गाणं दुसऱ्या कुणी उचलू नये म्हणून बाबांनी मास्तरला बनवलं. शब्द आमचे दिले आणि चाल रविवारची. सगळ्यांना बनवलं त्यांनी. आता मलाही.”

त्यांनी कोट घातला, स्कार्फ गुंडाळला. मी काहीतरी बोलायला गेले तर माझा हात थोपटून म्हणाल्या, “तू काय करणार बाख? तू आपलं काम चोख केलंस.” बाख म्हणजे आपल्याकडे बाळ म्हणतो तसं. त्या गेल्या आणि मी तिथेच बसून राहिले. माझा जीव अगदी हळहळला. परक्या गावात, परक्या भाषेतल्या एका गाण्यासाठी.

जेवणाच्या सुट्टीत मी मिरजेला फोन लावला. तिकडे संध्याकाळ, म्हणजे अण्णांच्या शिकवणीची वेळ. मागे तंबोरा चालूच होता.

“काय गं वैजू, ह्या वेळेला?”

मी सगळं सांगितलं. शेवटाशी आले तेव्हा अण्णा असे खदखदून हसले, की तिकडचा तंबोरा थांबला.

“वा, वा, वा! माणूस आपल्यातला निघाला की! कुठल्या घराण्याचा म्हणालीस?”

“अण्णा, हसताय काय? ती बाई रडत गेली इथून.”

“तसं नव्हं गं. आठवतंय का तुला, मुंबईचा एकजण मशीन घेऊन आला होता आपल्या माडीवर? माझ्या गुरुजींची चीज पाहिजे होती त्याला. म्हटलं, घे की. अस्थाई खरी दिली आणि अंतरा दिला दुसराच, जोडून. खूश होऊन गेला बिचारा.”

“आठवतंय. मी तंबोऱ्यावर होते.”

“आणि तो गेल्यावर काय केलं?”

आठवलं. अगदी स्पष्ट आठवलं.

“तुम्ही मला खरा अंतरा म्हणायला लावलात.”

“मग? खोटा अंतरा पोरीच्या कानात ठेवून झोपायचं होय? तोंड विसळून घ्यायला नको? आमच्या गुरुजींनी आम्हाला तेच शिकवलंय. खोटं गायलास तर त्याच बैठकीला खरं गाऊन मोकळा हो. नाहीतर खोटंच बसतंय गळ्यात.”

“पण अण्णा, तो माणूस गेल्यावर किती वेळानं?”

“कुठला वेळ! अर्ध्या जिन्यात असंल तो. तू असलं खणखणीत लावलंस, की मी हात ठेवला तुझ्या तोंडावर. आतल्या खोलीत नेऊन म्हणवून घेतलं मग.”

“अर्ध्या जिन्यात,” मी म्हटलं.

“होय की. का गं?”

मी फोन ठेवला आणि धावतच अलेडच्या खोलीत गेले.

त्या रिळाची एक अडचण होती, ती इथे सांगायला हवी. असली जुनी टेप म्हातारी होते तेव्हा तिला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो आणि ती वाळते, वाकडी होते. गाणं रिळाच्या बाहेरच्या वेढ्यांत होतं, ते मी उतरवलं होतं. पण अगदी आतले वेढे कडक होऊन एकमेकांना बिलगले होते, उन्हात विसरलेल्या पापडांसारखे. खोक्यावर एकाच गाण्याची नोंद होती. तेवढं मिळाल्यावर आतल्या भागाला हात लावायचा नाही, असं अलेडने ठरवलं होतं आणि ते बरोबरच होतं. ज्या घराचं काम जपण्याचं, तिथे उगीच कुणी काही मोडत नाही.

“आतलं उलगडायचंय,” मी म्हटलं.

“तुटेल.”

“तुटली तर सरळ तुटेल. ही टेप ताणली जात नाही. मी जोडीन.”

“आणि भुगा झाला तर? वैजू, आत काय आहे असं तुला वाटतं?”

“खरं गाणं.”

“पुरावा?”

“पुरावा नाही. माझे वडील आहेत.”

अलेडने चष्मा काढला. मी त्याला माडी सांगितली, तंबोरा सांगितला, अर्ध्या जिन्यातला तो मुंबईकर सांगितला. “खोटी चाल मुलांच्या गळ्यात ठेवून कुठलाही बाप झोपणार नाही,” मी म्हटलं. “त्याने त्यांना लगेच खरी म्हणायला लावली असणार. मास्तर पुरता घराबाहेरही पडला नसेल. आणि मास्तर बाहेर पडला, म्हणून मशीन बंद केलं असेल असं थोडंच आहे?”

अलेड उठून खिडकीपाशी गेला.

“माझे आजोबा,” तो म्हणाला, “प्लगाइनच्या आधी आठवडाभर गाण्याचा सराव गोठ्यात करायचे. गाईंशिवाय कुणी ऐकू नये म्हणून.” त्याने चष्मा पुन्हा चढवला. “नेस्टाबाईंना विचार. त्या हो म्हणाल्या तर मी सही करतो.”

नेस्टाबाई नुसत्या हो म्हणून थांबल्या नाहीत. “तुटायचंच असेल तर माझ्यासमोर तुटू दे,” म्हणाल्या, आणि ह्यूला गाडी काढायला लावून ठरल्या दिवशी सकाळीच हजर झाल्या.

त्याआधी ते रीळ मी थंड, किंचित दमट खोलीत सैल होऊ दिलं होतं. त्या दिवशी मी टेप गुंडाळून घ्यायला मोठं चाक लावलं आणि मोटर न लावता हाताने फिरवायला घेतलं. वेढा सुटताना बारीक चर्र आवाज यायचा. एकदा टेप तुटली. सरळ, स्वच्छ तुटली. मी जोडली. पुन्हा तुटली. पुन्हा जोडली. नेस्टाबाई पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. अलेड माझ्या मागे उभा होता आणि त्याचा श्वास मला मानेवर जाणवत होता.

“बाहेर जाऊन चहा पी ना,” मी त्याला म्हटलं.

“वेल्शमध्ये सांग,” तो म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. माझा हात जरा सैल झाला.

शेवटचा वेढा सुटला. टेपचा एकही तुकडा वाया गेला नव्हता. मी ती मशीनवर चढवली, बोटाने हलकेच दाबून धरली आणि सुरू केली.

आधी नुसती खरखर. मग मास्तराचा आवाज, आभार मानणारा. मशीन त्याच्या मोटारीच्या बॅटरीवर चाललेलं होतं. “बॅटरी उतरली तर इथेच मुक्काम करावा लागेल,” तो म्हणत होता. “जरा इंजिन चालू करून येतो.” दार वाजलं. बूट लांब गेले. घड्याळाची टिकटिक राहिली. मशीन बापडं चालूच होतं.

खुर्ची सरकली. पावलं आत कुठेतरी गेली. आणि मग, दाराआडून, एका लहान मुलीचा आवाज आला.

“बाबा, आता मी म्हणू?”

नेस्टाबाईंनी माझा दंड धरला.

“आता म्हण,” बापाचा आवाज आला. “आता आपलं म्हणा. नीट म्हणा.”

पाण्याच्या किटलीचा आवाज होता, एक भांडं वाजलं, आई काहीतरी पुटपुटली. आणि स्वयंपाकघरातल्या त्या सगळ्या खुडबुडीतून तीन आवाज उठले. लांबून येत होते, दाराआडून येत होते, पण एकूण एक सूर कळत होता. मी आवाज होता नव्हता तेवढा मोठा केला. खाली बापाचा आवाज असा पसरला होता, की वर कुणीही निर्धास्त चालावं. इद्रिस वरची चाल घेऊन निघाला होता, आणि ती चाल कुठल्याच रविवारची नव्हती. आणि मधून, घाण्याच्या बैलासारखा वाटलेला तो सूर, दोन्हींना धरून असा काही जात होता, की माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मला रडू आवरेना. अलेड तर आमच्याकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभा होता.

नेस्टाबाई रडल्या नाहीत. त्यांनी तोंड उघडलं आणि त्या टेपवरच्या लहान मुलीबरोबर तिचाच आवाज म्हणायला लागल्या. ह्या वेळी एकदाही अडखळल्या नाहीत.

गाणं संपलं. दार वाजलं, मास्तर परत आला. “झालं काम,” तो समाधानाने म्हणाला, आणि खट्ट करून मशीन बंद झालं.

“सापडले मी,” नेस्टाबाई म्हणाल्या.

पुढे नाताळभर ह्यू आणि मारी त्यांच्याबरोबर आमच्याकडे यायचे. अलेड त्यांना ते रेकॉर्डिंग लावून द्यायचा आणि मला खोलीबाहेर काढायचा. “घरचा सराव आहे,” म्हणायचा. मी त्या दाराबाहेर फायलींची धूळ झटकत उभी राहायचे. इतक्या स्वच्छ फायली त्या ग्रंथालयात पुन्हा कधी झाल्या नसतील.

जानेवारीत प्लगाइन होतं. अलेड आणि मी गेलो. दगडी चर्च, मेणबत्त्या, ओल्या कोटांचा वास. पाद्रीबुवांनी प्लगाइन खुलं आहे असं सांगितलं आणि जाऊन बसले. एक घर उठलं, गाऊन आलं. दुसरं उठलं, तिसरं उठलं. मध्ये जी शांतता पडायची, तिच्यात मेणबत्तीची वात तडतडलेलीही ऐकू यायची. मग मागच्या बाकावरून काठीचा आवाज आला.

कुणी वळून पाहिलं नाही. तिथे तशी पद्धत नाही. पण सगळ्या माना ताठ झाल्या. नेस्टाबाई, ह्यू आणि मारी पुढे गेले, एकमेकांकडे तोंड करून उभे राहिले. नेस्टाबाईंनी काठी बाकाला टेकवून ठेवली आणि मान हलवली.

ब्रिन केलिन गायलं.

कसं गायले ते सांगत बसत नाही. एवढंच सांगते, की शेवटचा सूर गेल्यावर जी शांतता झाली, तशी दाद मी मिरजेच्या भर मैफलीतही ऐकलेली नाही. नेस्टाबाई काठी घेऊन परत आल्या. पण मागच्या बाकावर गेल्या नाहीत. पुढच्या रांगेतल्या माणसांनी न बोलता सरकून तिघांना जागा केली होती.

नंतर शेजारच्या दालनात सगळ्यांचं जेवण होतं. थंड मटण, लोणी लावलेला पाव, किटल्या भरून चहा. नेस्टाबाईंसमोर एक लालबुंद चेहऱ्याचा म्हातारा येऊन उभा राहिला. टी ग्विन शेताचा इव्होर. त्याच्या घरचं गाणं सगळ्या भागात नावाजलेलं.

“नेस्टा,” तो म्हणाला, “तुझ्या बापाने माझ्या बापाला मरेपर्यंत छळलं.”

“ते कसं?”

“तुम्ही गाव सोडलंत. माझा बाप म्हणाला, आता त्या गाण्याला धनी नाही, आपण घेऊ. मास्तरला खाऊ-पिऊ घालून त्याने ती टेप ऐकली. वरची चाल मी म्हणायची असं ठरवलं होतं.” इव्होरने पावाचा तुकडा नेस्टाबाईंच्या पुढे नाचवला. “आणि निघाली काय, तर रविवारची चाल! पुढचं ऐकायलाही थांबला नाही. मोटारीत बसून चाळीस मैल गेला होता तो, रविवारची चाल ऐकायला! दर नाताळला शिव्या घालायचा. पण शिव्या घालून झाल्या की म्हणायचा, माणूस होता खरा.”

सगळं दालन हसलं. नेस्टाबाई तर हसून हसून टेबलाला टेकल्या. मग इव्होरने माझ्याकडे आणि अलेडकडे पाहत विचारलं, “आता ती खरी टेप तिथे टेकडीवर कुणालाही ऐकायला मिळणार?”

माणसांचं चघळणं थांबलं. ते उत्तर अलेडने द्यायचं नव्हतं, मीही नाही.

“मिळणार,” नेस्टाबाई म्हणाल्या. “मी तसं लिहून दिलंय. ते घर सगळ्यांचं आहे. जा, खुर्चीवर बस, ऐक.”

“आणि म्हणायची?”

“म्हणून तर बघ!”

पुन्हा हशा उसळला. इव्होरने दोन्ही हात वर केले आणि त्यांच्या कपात स्वतः चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला फोन केला. अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. इव्होरच्या बापाची गोष्ट तर दोनदा सांगायला लावली. मागे तंबोरा झंकारत होता.

“वैजू,” ते मग हळूच म्हणाले, “चाल कशी होती गं? जरा म्हण बघू.”

माझे वडील. सगळं गाणं मला ज्यांनी दिलं ते. त्यांनी माझ्याकडे काही मागितलं असं क्वचितच झालं असेल. मी घसा साफ केला, डोळे मिटले आणि त्यांना चाल म्हणून दाखवली. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, अगदी मन लावून.

माझं झालं आणि तिकडचा तंबोरा थांबला.

“वैजू.”

“काय अण्णा?”

“एवढी वर्षं दडवून ठेवण्यासारखं ह्यात काय आहे गं?”

मला हसू दाबणं कठीण झालं होतं.

“ही रविवारचीच म्हटलीस ना?” अण्णा म्हणाले.

“घराण्याची चीज आहे अण्णा. दुसऱ्याची.”

आणि मिरजेच्या त्या माडीवर तंबोरा जमिनीवर आडवा ठेवल्याचा आवाज झाला, आणि समेवर कुणाला सहसा ‘वा’ न म्हणणारा माझा बाप, शिष्यांसमोर, मांडीवर थाप मारून ओरडला, “शाबास पोरी!”